गांगह्वा: खाडीकाठचे चोपन्न पहारे

कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सोलच्या वायव्येला, हान नदी समुद्राला मिळते तिथे गांगह्वा हे मोठं बेट नदीच्या तोंडाशी आडवं पडलं आहे. बेट आणि समोरची किम्पोची जमीन यांच्यामध्ये उत्तर-दक्षिण अशी एक चिंचोळी खाडी आहे, योमहा नावाची. दक्षिणेकडच्या प्रांतांतून कराचं भात भरून राजधानीला जाणारी गलबतं याच खाडीतून वर सरकायची, आणि राजधानीवर चालून येणाऱ्या आरमारालाही वाट हीच. म्हणून इथल्या राजांनी अख्ख्या बेटाचाच किल्ला केला. ५ ‘जिन’, ७ ‘बो’ आणि ५४ ‘दोनदे’ असा त्याचा हिशोब सांगतात. जिन आणि बो म्हणजे लहानमोठी लष्करी ठाणी. दोनदे म्हणजे पाण्यात घुसलेल्या टेकाडावर बांधलेला सुटा दगडी बुरूज.

मंगोलांना ही खाडी ओलांडता आली नाही. उत्तरेच्या मांचुरियातले मांचू, फ्रेंच, अमेरिकन आणि जपानी मात्र एकामागून एक इथे येऊन थडकले. एवढा इतिहास एका बेटावर, तोही सोलपासून बसने जेमतेम दोन तासांवर, आणि तरी परदेशी प्रवासी इथे फारसे दिसत नाहीत. सगळे सुवोनच्या ह्वासोंग किल्ल्याकडे वळतात. माझी भाची सोलला संशोधन करते. ती म्हणाली, “मावशी, तू अलिबागची. भरती-ओहोटी बघूनच तुला हा किल्ला कळेल.” मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो.

पहिला दिवस: राजधानी झालेलं गाव

किम्पो मागे पडलं की इमारती विरळ होतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. मे महिन्यातच लावणी उरकत आलेली होती. गांगह्वाच्या पुलावर बस चढली तेव्हा ओहोटी होती. खाली मधोमध पाण्याचा एक गढूळ पट्टा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना करडा, चकचकीत, उतरता चिखल. या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात नऊ मीटरपर्यंत फरक पडतो. आपल्याकडे मुंबई-अलिबागला उधाणात पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं, त्यावरून अंदाज करा. दिवसातून दोनदा ही खाडी भरते आणि दोनदा जवळजवळ रिकामी होते. तेवढं पाणी एवढ्याशा वाटेने आतबाहेर करायचं म्हणजे ओढ किती असेल ते पुलावरूनही दिसत होतं.

मंगोल अडले ते याच पाण्यापुढे. १२३१ साली त्यांची पहिली स्वारी झाली आणि पुढच्याच वर्षी, १२३२ मध्ये, गोर्यो, म्हणजे तेव्हाच्या कोरियाच्या, राज्याची सगळी सूत्रं हाती असलेल्या सेनानी छोए उ याने राजासकट राजधानी उचलून या बेटावर आणली. १२७० पर्यंत ती इथेच होती. घोड्यावर अर्धं जग पालथं घातलेल्या फौजेला ही अरुंद खाडी ओलांडता आली नाही.

त्या राजवाड्याची जागा गावाच्या वरच्या उतारावर आहे. टप्प्याटप्प्याने चढत गेलेली हिरवळ, काही जोती, पायऱ्या, आणि नंतरच्या जोसोन राजघराण्याच्या काळातल्या दोन कचेऱ्या. मूळ वाड्याचं काहीच उरलेलं नाही, कारण तहाची अट म्हणून मंगोलांनी इथले तट पाडायला लावले आणि दरबार परत गेल्यावर वाडाही गेला. उतारावर उभं राहून गावाकडे बघताना बाकीची हकीकतही आठवायला हवी. दरबार बेटावर सुखरूप होता, पण खाडीपलीकडचा देश उघडा पडला होता. १२५४ या एका वर्षात मंगोलांनी दोन लाखांहून अधिक माणसं धरून नेल्याची नोंद गोर्योच्या अधिकृत इतिहासात आहे. याच काळात, १२३६ ते १२५१, बुद्धवचनांचे ८१,०००हून अधिक लाकडी ठसे कोरले गेले, परचक्र टळावं म्हणून. त्या कामाचं मुख्य कार्यालय गांगह्वालाच होतं. ते ठसे आज हेइन्सा मठात जसेच्या तसे आहेत. त्यांपुढे हात जुळतातच. पण खाडीने दरबार वाचवला, प्रजा वाचवली नाही, हेही खरं, आणि ते मनातून काही केल्या जाईना.

वाड्याच्या आवारात एक छोटी, नव्याने बांधलेली इमारत आहे, ‘ओएग्युजांगगाक’. १७८२ साली राजा जोंगजोने राजग्रंथालयाची ही बाहेरची शाखा मुद्दाम बेटावर बांधली, कारण बेट सुरक्षित. १८६६ मध्ये फ्रेंच आरमाराने गाव घेतलं तेव्हा इथले चित्रमय राजविधींचे ग्रंथ बरोबर नेले आणि बाकीचे हजारो ग्रंथ इमारतीसकट जाळले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम करणाऱ्या पार्क ब्योंग-सोन या विदुषीला १९७० च्या दशकात ते ग्रंथ तिथे सापडले. त्या आयुष्यभर त्यांच्या पाठीमागे राहिल्या. २०११ साली २९७ खंड कोरियात परत आले, तेही कागदोपत्री दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. त्याच वर्षी बाईंचं निधन झालं. ग्रंथ परत आलेले त्यांनी पाहिले, एवढं तरी झालं.

१७११ साली ओतलेली गांगह्वाची मोठी कांस्य घंटाही फ्रेंचांनी न्यायला काढली होती, पण वजनापुढे हात टेकून ती वाटेत टाकली असं सांगतात. ती आता इथल्या इतिहास संग्रहालयात आहे.

संध्याकाळी गावाच्या दक्षिण वेशीपाशी गेलो. १६३७ च्या हिवाळ्यात मांचू फौज होड्यांतून खाडीकाठच्या गापगोतला उतरली आणि बेट पडलं. राजघराण्यातल्या स्त्रिया आणि मुलं इथे आश्रयाला होती. बेटाचा सरदार मात्र खाडीच्या भरवशावर गाफील राहिला, पुढे त्याला त्याबद्दल मरणदंड झाला. वयोवृद्ध मंत्री किम सांग-योंग याने दक्षिण वेशीवर दारूच्या साठ्याला बत्ती देऊन स्वतःला संपवलं. चारशे वर्षं खाडीने राखलेला लौकिक त्या हिवाळ्यात गेला. उद्या जे दोनदे बघायचे होते त्यांची मुळं या पराभवात आहेत.

जेवायला ‘जोतगुक-गाल्बी’ घेतलं. डुकराच्या बरगड्या, भोपळा, कोबी आणि टोफू खारवलेल्या कोळंबीच्या पाण्यात शिजवतात. तिखट अजिबात नाही, फक्त समुद्राचा खारटपणा. सोबत जांभळट सलगमाची किमची. हा सलगम गांगह्वाचाच, थोडा मोहरीसारखा झणझणीत. जवळा-सुकटीवर वाढलेल्या माणसाला हे जेवण परकं वाटत नाही.

दुसरा दिवस: पाण्याच्या कडेकडेने

बेटावर पायवाटांचं जाळं आखलेलं आहे. त्यातली दोन क्रमांकाची वाट गापगोत ते छोजिजिन अशी १७ किलोमीटर खाडीच्या काठाने जाते. गाडीने या जागा अर्ध्या दिवसात उरकता येतात, पण मग एका बुरुजापासून दुसऱ्याचं अंतर पायांना कळत नाही, आणि या किल्ल्याची सगळी गोम त्या अंतरात आहे.

गापगोतला युद्धसंग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक फार जुनं काटेरी लिंबूवर्गीय झाड आहे, सरकारने राखीव नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केलेलं. त्याचे काटे बोटभर लांब, हिरवे आणि टोकाला सुईसारखे. तटाच्या पायथ्याशी अशी झाडं दाट लावायची, म्हणजे चिखल तुडवून वर आलेला शत्रू काट्यांत अडकेल. कोरियात हे झाड एवढ्या उत्तरेला एरवी होत नाही. ते इथे जगतं का, याची माहिती राजदरबाराला कळवली जायची म्हणे. त्याच जुन्या कुंपणातलं हे झाड अजून फळतं आहे.

इथून वाट दक्षिणेला निघते. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला खाचरं. मध्ये मातीचा बांध, जो जुन्या बाहेरच्या तटाच्याच रेषेवर आहे. बऱ्याच ठिकाणी काठाने काटेरी तारेचं कुंपण. ते जुन्या काळचं नव्हे, आजच्या सैन्याचं.

पहिले दोनदे दिसले तसं त्यांचं गणित उलगडू लागलं. काही चौकोनी, काही गोल, काही अर्धचंद्राकार. ग्रॅनाइटचे घडीव चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. जमिनीकडच्या बाजूला वाकून शिरावं लागेल असा ठेंगणा दरवाजा, पाण्याकडे तोफांचे तीन-चार झरोके. आत मोकळं अंगण, तेवढंच. झरोक्यात बसून पाहिलं.  खाली थेट खाडीचा मधला प्रवाह. मान थोडी वळवली की खालच्या अंगाचा पुढचा दोनदे दिसतो, दुसरीकडे मागचा. एकाच्या माऱ्यातून निसटलेलं गलबत दुसऱ्याच्या टप्प्यात जातं. शिवाय ते गलबत मनाला येईल तसं चालूच शकत नाही. भरतीच्या लोंढ्याबरोबरच वर जायचं, आणि प्रवाह खोल आहे तिथूनच, म्हणजे बुरुजांच्या तोंडासमोरून. तट बांधणाऱ्याने खाडीच्या तळाचा नकाशा आधी डोक्यात पक्का केला आणि मग दगड रचले.

यातले ४८ दोनदे राजा सुकजोंगच्या कारकिर्दीत १६७९ या एकाच वर्षात उभे राहिले. सैनिकांबरोबर हजारो बौद्ध भिक्षू बांधकामाला जुंपले होते. १६७९! हे साल फलकावर वाचलं आणि मी थबकलेच. त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडाऱ्याने आमच्या थळच्या समोर खांदेरीवर तटाचं काम सुरू केलं. मुंबईकर इंग्रजांची जहाजं बेटाला वेढा घालून बसली, आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या ओहोटी-भरती साधून रात्रीतून दगड आणि माणसं बेटावर पोचवत राहिल्या. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. पण समुद्राकडून येणारं संकट ओळखून त्याच्या वाटेवर, त्याच वर्षी, दोघांनी दगड रचला. मी भाचीला हे सांगत सुटले आणि पुढचा अर्धा तास आमच्या गप्पा खांदेरीच्याच झाल्या.

ओदु दोनदेपाशी बांधाच्या उतारावर एक वेगळीच गोष्ट बघायला मिळते. आधी मातीचा असलेला हा तट पावसाने वारंवार ढासळायचा, म्हणून १७४० च्या दशकात काही लांबी विटांनी बांधून काढली, चीनमधली पद्धत बघून. कोरियन किल्ल्यांत वीट फार कमी. झाडाच्या मुळांनी पकडून ठेवलेल्या त्या काळपट विटांचे थर अजून उघड्यावर दिसतात. दुरुस्त करून चकचकीत केलेल्या भागांपेक्षा हा तुकडा मला जास्त आवडला.

दुपारी ग्वांगसोंगबोला पोचलो. या वाटेवरचं हे सगळ्यांत मोठं ठाणं. आनहेरु नावाच्या दरवाजातून आत गेलं की पाइनच्या सावलीतली रुंद वाट चढत जाते. इथे १० आणि ११ जून १८७१ ला जे घडलं ते सविस्तर सांगायलाच हवं.

कोरियाशी व्यापाराचा करार करायचा आणि पाच वर्षांपूर्वी प्योंगयांगजवळ जाळल्या गेलेल्या ‘जनरल शर्मन’ जहाजाचा जाब विचारायचा, म्हणून अमेरिकेची पाच जहाजं रिअर ॲडमिरल जॉन रॉजर्सच्या हाताखाली आली. त्यांच्या मोजणीच्या होड्या न विचारता योमहात शिरल्या. सोंडोलमोकच्या वळणावर किल्ल्याने तोफा डागल्या. कोरियाने माफी मागावी म्हणून अमेरिकनांनी दहा दिवस वाट पाहिली. राजाचे वडील देवोनगुन तेव्हा कारभार बघत होते, त्यांनी नकार दिला. मग सुमारे साडेसहाशे माणसं छोजिजिनजवळ उतरली. तिथल्या चिखलात ती गुडघ्यापर्यंत रुतली, तोफा ओढताना दमछाक झाली. पहिला दिवस खरोखर चिखलानेच लढवला. दुसऱ्या दिवशी दोकजिनजिन पडलं आणि मग ग्वांगसोंगबोवर जमिनीवरून व जहाजावरून एकदम मारा सुरू झाला.

आत सरदार ओ जे-योन होता. त्याच्या बंदूकवाल्यांत वाघाची शिकार करणारे पुष्कळ होते. पण हातात तोड्याच्या बंदुका, समोर पाठीमागून भरायच्या झटपट रायफली. गोळी अंगात शिरू नये म्हणून सुती कापडाचे थरावर थर शिवलेली जाड चिलखतं, जूनच्या उन्हात. अमेरिकन अधिकाऱ्यांच्याच नोंदी सांगतात की दारूगोळा संपल्यावर हे लोक तटावरून दगड मारत राहिले, भाल्या-तलवारींनी लढले, आणि तेही सरलं तेव्हा शत्रूच्या डोळ्यांत माती फेकली. अमेरिकनांचे तीन जण मेले. कोरियनांचे २४३ मृतदेह त्यांनी तिथेच मोजले, शिवाय खाडीत किती गेले ते वेगळं. ओ जे-योन पडला, आणि त्याच्याबरोबर लढायला आलेला त्याचा धाकटा भाऊ ओ जे-सुनही.

चढावर या दोघा भावांचा स्मृतिशिलालेख एका छपराखाली आहे. त्याच्या समोर थोडं खाली सात साधी गवताळ थडगी आहेत. ओळख न पटलेले ५१ जण त्यांत एकत्र पुरलेले आहेत. शाळेची मुलं आली होती. बाईंनी सांगायच्या आधीच सगळी मुलं रांगेत थांबली आणि वाकली. आम्हीही वाकलो.

वर टेकडीच्या माथ्यावर सोंडोलमोक दोनदे आहे, गोल, मधल्या अंगणात गवत वाढलेलं. शेवटची झटापट या वर्तुळात झाली. युद्ध संपल्यावर इथे फेलिचे बेआतोने छायाचित्रं घेतली. १८५७ नंतर लखनौला जाऊन सिकंदर बागेची छायाचित्रं काढणारा तो हाच. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून ज्याची छायाचित्रं आपण पाहत आलो, तोच माणूस तेरा वर्षांनी कॅमेरा घेऊन या तटात पडलेल्या प्रेतांसमोर उभा होता. त्याच अंगणात चालताना पाय जड झाले.

ओ जे-योनचा ध्वजही इथूनच गेला. सुमारे सव्वाचार मीटर लांब-रुंद कापड आणि त्यावर ‘सेनापती’ अर्थाचं एकच मोठं काळं अक्षर. अमेरिकेच्या नौदल अकादमीत तो विजयचिन्ह म्हणून राहिला. २००७ मध्ये उसना म्हणून कोरियात आला, गांगह्वाच्या लोकांनी तो डोळे भरून पाहिला, आणि २०२४ साली मुदत संपल्यावर परत गेला. आता इथे प्रतिकृती आहे. ज्यांनी तो जिंकला त्यांना त्याचं मोल किती, आणि ज्यांच्या ५१ माणसांची थडगी पन्नास पावलांवर आहेत त्यांना किती! तो ध्वज इथेच असायला हवा, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

माथ्यावरून उतरलं की योंगदु दोनदे लागतो. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती असलेली एक निरुंद वाट खडकाच्या सोंडेवरून खाडीत शिरते आणि टोकाला बुरूज. आम्ही पोचलो तेव्हा भरतीचा जोर चढत होता. वळणावर पाणी उकळल्यासारखं फिरत होतं, भोवरे पडत होते, आणि आवाज नदीच्या धबधब्यासारखा. सोंडोल नावाच्या नावाड्याची गोष्ट या पाण्याची आहे. मंगोलांपुढून पळणाऱ्या राजाला तो होडीतून नेत होता. समोर खवळलेलं पाणी पाहून राजाला वाटलं, हा आपल्याला बुडवायला नेतोय. त्याने सोंडोलची मान मारायचा हुकूम दिला. मरण्यापूर्वी सोंडोल म्हणाला की एक भोपळा पाण्यात सोडा आणि तो जाईल तिकडे होडी न्या. राजा सुखरूप पार झाला. पलीकडच्या किम्पोच्या काठावर सोंडोलचं थडगं आहे, आणि दर वर्षी चांद्र दहाव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी जो बोचरा वारा सुटतो त्याला सोंडोलचा वारा म्हणतात. आमच्याकडेही तांडेल सांगेल ते ऐकायचं असतं, समोर पाणी कसंही दिसो.

पुढे दोकजिनजिनला खाडीच्या टोकाशी १८६७ चा शिलालेख आहे: समुद्राचं दार राखलेलं आहे, परक्या जहाजांनी ओलांडू नये, अशा अर्थाचा. त्यावर गोळ्यांच्या खुणा आहेत. छोजिजिनला पोचेपर्यंत ऊन कलत आलं होतं. ठाणं लहानसंच. शेजारचा जुना पाइन आणि तटाची भिंत, दोन्हींवर तोफगोळ्यांचे व्रण आहेत आणि ते खूण करून ठेवले आहेत. झाडाच्या खोडात साल दोन्ही कडांनी वाढून जखमेवर आली आहे, पण मिटलेली नाही. मी तिथे बोट ठेवून पाहिलं, आत कठीण, गुळगुळीत लाकूड लागलं.

सप्टेंबर १८७५ मध्ये जपानचं ‘उनयो’ जहाज इथे आलं. छोजिजिनवर मारा केला आणि मग दक्षिणेला योंगजोंग बेटावर उतरून ३५ जण मारले. आज इंचॉनचं विमानतळ आहे तेच हे बेट. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी १८७६ मध्ये, जपानने गांगह्वा गावात १२ कलमांचा तह करून घेतला. बुसानखेरीज आणखी दोन बंदरं खुली झाली आणि कोरियात जपान्यांनी केलेल्या गुन्ह्यांचा न्याय जपानीच करतील हे कलम त्यात घुसलं. ज्या खाडीने मंगोलांना अडवलं, तिच्याच काठी हे झालं. वाफेच्या जहाजाला भरतीची वाट बघावी लागत नाही. दोनदे बांधणाऱ्यांचं गणित चुकलं नव्हतं, गणितातली एक संख्याच कोणीतरी बदलली होती.

रात्री बेंडेंगी खाल्ले. बोटभर लांबीचे चांदीसारखे मासे, मे-जूनचाच हंगाम. कच्चे, तिखट-आंबट भाज्यांत कालवलेले. भाची भीत भीत बघत होती, मी ताट पुसून घेतलं.

तिसरा दिवस: मठाच्या भिंतीवरची नावं

जोंदुंगसा मठ जोंगजोकसान डोंगरावर एका तटाच्या आत आहे. मठाला वेगळी कमान नाही, किल्ल्याच्या दरवाजातूनच आत जायचं. हा तट कोरियाचा पुराणातला आद्य राजा दानगुन याच्या तीन मुलांनी बांधला अशी आख्यायिका, तर मठाची स्थापना परंपरेने ३८१ सालची मानतात.

१८६६ मध्ये फ्रेंच गाव लुटत असताना सरदार यांग होन-सु रात्रीच्या अंधारात खाडी ओलांडून काही शे बंदूकवाल्यांसह या तटात येऊन बसला. फ्रेंचांची तुकडी डोंगर चढून आली तेव्हा दरवाजांवरून गोळीबार झाला आणि त्यांना मागे फिरावं लागलं. थोड्याच दिवसांत त्यांनी बेट सोडलं. लढाईच्या आधी शिपायांनी बुद्धमंदिराच्या आतल्या खांबांवर आणि भिंतींवर आपली नावं लिहिली. ती नावं दिव्याच्या उजेडात आजही पुसट दिसतात. काही अक्षरं घाईत, काही अगदी नीट. सरदारांची नावं शिलालेखांवर असतात, शिपायांची सहसा कुठेच नसतात. कालच्या ५१ जणांनंतर ही नावं बघून बरं वाटलं.

या डोंगरावर जोसोन राजवृत्तांची एक प्रत सतराव्या शतकापासून ठेवलेली होती. १५९२ च्या जपानी स्वारीत बाकीच्या प्रती जळाल्या आणि एकच वाचली, तीच ही. फ्रेंच वर पोचले असते तर गावातल्या ग्रंथालयाचं झालं तेच हिचंही झालं असतं. ती आता सोलच्या विद्यापीठात आहे. यांग होन-सुच्या माणसांनी त्या दिवशी पाचशे वर्षांची स्मृती वाचवली, आणि मठात फोटो काढायला येणाऱ्या बहुतेकांना हे माहीतच नसतं.

मुख्य मंदिराच्या चारही कोपऱ्यांना छपराखाली उकिडव्या बसलेल्या आकृती आहेत. सुताराला फसवून पैसे घेऊन पळालेल्या बाईला त्याने छपराचं ओझं उचलायला लावलं, अशी कथा सगळे सांगतात. मला ती बाई दोषी वाटण्यापेक्षा दमलेली वाटली.

चौथा दिवस: उत्तरेचं पाणी

बेटाच्या ईशान्य टोकाला वोलगोत दोनदे आहे आणि त्याच्या आत योनमीजोंग नावाचा उघडा मंडप. नदी इथे दोन फाट्यांत विभागते, एक पश्चिमेला समुद्राकडे आणि एक दक्षिणेला योमहात. १६२७ मध्ये मांचूंशी पहिला तह इथे झाला. मंडपाशेजारी दोन प्रचंड जुनी झेल्कोवा झाडं होती, त्यातलं एक २०१९ च्या वादळात मोडलं. तटावरून समोर यु-दो हे छोटं बेट दिसतं. १९९६ च्या पुरात उत्तर कोरियातून एक बैल वाहत येऊन त्यावर लागला. माणसाला तिथे जायची मनाई, म्हणून तो महिनोन् महिने एकटाच. अखेर जानेवारी १९९७ मध्ये दक्षिणेच्या नौसैनिकांनी जाऊन त्याला आणलं.

पुढे निरीक्षण-मनोऱ्याच्या वाटेवर चौकीत पासपोर्ट दाखवावा लागतो. वरून दुर्बिणीतून पलीकडचा काठ अगदी जवळ दिसतो, दोन किलोमीटरच्या आसपास. शेतं, फिकट रंगाची घरं, बांधावरून सायकल हाकणारा एक माणूस. तिकडेही लावणीच चालली होती. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजी सांगत होत्या की जुलै २०२४ पासून जून २०२५ पर्यंत उत्तरेच्या भोंग्यांतून रात्रंदिवस किंचाळण्याचे, धातू घासल्याचे आवाज यायचे. इकडच्या गावांत लहान मुलांना झोप नसायची. “मग एक दिवस बंद झाले,” एवढंच म्हणून त्या पुन्हा सलगम चिरू लागल्या.

१९५३ च्या शस्त्रसंधीत हान नदीचं हे मुख दोन्ही बाजूंच्या नागरी जहाजांना खुलं ठेवायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात सत्तर वर्षं ते ओसच आहे. २०१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन्ही कोरियांच्या मोजणीदारांनी मिळून इथली खोली मोजली आणि पुढच्या महिन्यात जलमार्गाचा नकाशाही तयार झाला, पण वाहतूक सुरू झाली नाही. ती कधी झालीच, तर मला छोजिजिनच्या खालून भरतीबरोबर होडीने वर यायचं आहे, सोंडोलमोकचं वळण घेत, एकेक दोनदे पाण्यातून बघत. हा किल्ला त्या बाजूनेच बघण्यासाठी बांधलेला आहे.